चार पट्ट्यांची चावी

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "झोपेत बडबडता का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुम्हाला कसं माहीत? झोपलेले असता ना?"

मी पंख्याचं बटण दाबून बघितलं. मग तेच म्हणाले, "बडबडत असाल तरी हरकत नाही. फक्त माझ्याबद्दल बडबडू नका." भाडं, पाणी, लाईट ही किरकोळ बोलणी त्यानंतर झाली.

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात मी या माणसाचा तीन वर्षं भाडेकरू होतो. मी तिथल्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो. त्यामुळे गल्लीचा असा पक्का समज झाला होता की, ज्याला वायर आहे ते सगळं मला दुरुस्त करता येतं. लोक माझ्याकडं मिक्सर घेऊन यायचे. काका मात्र कधी काही घेऊन आले नाहीत. आपल्या घरातली वस्तू बिघडली आहे हे दुसऱ्याला कळणं, हीच त्यांच्या मते अर्धी चोरी होती.

काका एका कापडगिरणीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. तीस वर्षं बॉबिन, पट्टे, तेलाचे डबे सांभाळले. गिरणी सुटली, स्टोअर काही सुटलं नाही. घरात कूलरच्या नळाला कुलूप, गच्चीला कुलूप, एका बादलीला साखळी आणि त्या साखळीला कुलूप. कुलूप लावलं की पाच वेळा ओढायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, परत येऊन आणखी दोनदा ओढायचे. कुलपं तशीच राहायची, कडी-कोयंडे मात्र वर्षाला बदलावे लागायचे.

बाहेरच्या गेटला दोन कुलपं होती. एकाची चावी माझ्याकडं, दुसऱ्याची त्यांच्याकडं. म्हणजे शाळेतून आलो की स्वतःचं कुलूप काढून बेल वाजवायची आणि उन्हात उभं राहायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, मग माझ्या चावीचा फायदा काय?"

"माझ्या चावीचा तरी काय? मलाही तुमच्याशिवाय बाहेर पडता येत नाही. बराबरीचं आहे." हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मी हात जोडले आणि वर गेलो.

"अख्खी गोष्ट एकाच्या हाती द्यायची नाही," हे त्यांचं तत्त्व. चहापत्ती एका दुकानातून आणायचे, साखर दुसऱ्यातून. का, तर आपल्या घरी किती चहा होतो हे कुठल्याच दुकानदाराला कळू नये. एकदा ताप आणि खोकला एकदमच आले, तर ताप एका डॉक्टरला सांगितला आणि खोकला दुसऱ्याला. दोघांची औषधं एकत्र घेऊन चार दिवस नुसते गुंगीत पडून होते. उठल्यावर म्हणतात कसे, "पण मला नेमकं काय झालं होतं ते दोघांनाही कळलं नाही, भाई!"

काकू याच्या अगदी उलट. त्यांचं सगळं उघडं: दार उघडं, डबे उघडे, तोंड उघडं. आवाज असा की, दोन गल्ल्या पलीकडं भाजीवाल्याची गाडी असली तरी त्या ओट्यापासूनच "मेथी ठेव रे माझी!" म्हणायच्या आणि मेथी बाजूला पडायची. या आवाजाचा मुख्य उपयोग काकांना बोलण्यासाठी व्हायचा. सकाळी सहाला सुरू. "अहो, कूलरची चावी कुठं ठेवली? माणसं मारता का उन्हात? त्या बादलीले काय सोनं लागलंय?" मी वर गादीवर पडून ऐकायचो. खरं सांगतो, मला गजराची गरज पडली नाही.

त्या काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गाठ साधी आहे, पण काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. आवाज राहीलही, बसेलही.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले. दार लावलं, कडी घातली, ओढून पाहिली. बगलेतून एक नवाकोरा टॅबलेट काढला. पुण्याच्या मुलीनं पाठवलेला. मला म्हणाले, "यात आवाज भरता येतो का? तिला न कळता?"

"काकूंचा?"

"मग काय तुमचा?" ते खुर्चीवर बसले. "तिला सांगितलं तर ती भजन म्हणायला लागेल. मला भजन नको. ती रोज जे बोलते ते पाहिजे. चाळीस वर्षं ऐकतो आहे, उद्या घर चूप झालं तर मी काय करू, सांगा बरं?"

मी त्यांना रेकॉर्डिंग शिकवलं. ऑपरेशनला सव्वीस दिवस होते, आणि ते सव्वीस दिवस तो टॅबलेट पिठाच्या डब्यामागं उभा होता. काका रोज मुद्दाम काहीतरी चूक करायचे. दुधाचं पातेलं उघडं ठेव, ओला टॉवेल पलंगावर टाक, म्हणजे मालमसाला मिळत राहील.

मग त्यांना धास्ती बसली, हे कुणाच्या हाती लागलं तर? अख्ख्या राजपुऱ्यात इज्जतीचा कचरा होईल. मी सहज बोलून गेलो की टॅबलेटच्या आतल्या सगळ्या सामानालाच कुलूप लावता येतं. चावीशिवाय उघडलं तरी आत नुसता गिचमिड मजकूर दिसतो. बोललो आणि पस्तावलो. काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

कुलूप लावलं. मशीननं अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी दिली. कधी अडलं तर हीच टाकायची. मी विचारलं, "इंटरनेटवर ठेवू?"

"म्हणजे कुणाच्या घरी?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"मी ओळखतो त्यांना?"

"मग निदान रेकॉर्डिंगची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊ या."

"कॉपी म्हणजे दुसरं दार. दुसरं दार म्हणजे दुसरं कुलूप. राहू द्या."

शेवटी चावी कागदावर छापली. मोठ्या अक्षरात, चार ओळी, ओळीत बारा आकडे. काकांनी छापणाऱ्याला तोंड भिंतीकडं करायला लावलं. घरी येऊन फूटपट्टी लावून कागद मापला आणि कात्रीनं चार सारख्या पट्ट्या केल्या. मग मला म्हणाले, "आता तुम्ही बाहेर जा." मी गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठही साधीच निघाली. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी काकूंनी तोंड उघडलं, "पाणी द्या" एवढंच म्हणाल्या. सुकं पान फरशीवर घासावं तसा आवाज. स्वतःच ऐकला, आणि मिटलं तोंड. डॉक्टर म्हणाला, बोलत राहा, थोडाफार सुधारेल, किती ते सांगता येत नाही. काकू बोलेनातच. टाळ्या वाजवायला लागल्या. एक टाळी म्हणजे इकडं या, दोन म्हणजे जेवायला या, तीन म्हणजे अक्कल आहे का तुम्हाला. तीन टाळ्या सगळ्यात जास्त वाजायच्या, पण त्यात मजा नव्हती. घर खरंच चूप झालं होतं. मी सकाळी उशिरा उठायला लागलो.

आणि नेमका त्याच आठवड्यात टॅबलेट अडला. झालं असं की काकांनी दुपारी तो उघडला, तर पडद्यावर आकडे पळत होते. अपडेट चालू होतं. "मला न विचारता?" म्हणून काकांनी बटण दाबून धरलं, अगदी मशीन मरेपर्यंत. परत चालू केलं तर निळा पडदा, चावी टाका.

माझं सगळं करून झालं. बंद केलं, चालू केलं, चार्जर काढला, लावला, सुरुवातीच्या यादीत जाऊन प्रत्येक पर्याय दाबून पाहिला. निळा पडदा जागचा हलेना. मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "सर, रिकवरी की नहीं है तो डाटा नहीं मिलेगा. सब मिटाकर नया करना पड़ेगा."

काकांनी फोन माझ्या हातातून ओढला. "बेटी, मालिक मैं हूँ!"

"सर, मशीन को कैसे पता चलेगा?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काकांना काकांच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. त्यांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "ती आता बोलेल, न बोलेल. माझ्यापाशी तेवढंच आहे." मला वाईट वाटलं आणि संतापही आला. म्हटलं, "पट्ट्या कुठं आहेत ते सांगा, चला." एक त्यांच्या पाकिटात होती. बाकीच्या तिन्ही वेगवेगळ्या तीन माणसांकडं.

पहिला गिरणीचा जुना चौकीदार, राजपुऱ्याच्या दरवाजाजवळ राहणारा. काकांचा त्याच्यावर जीव. कारण काय, तर गेटवर वीस वर्षं ओळख असूनही तो रोज काकांचा डबा उघडून पाहायचा. म्हातारा खाटेवर बसला होता. काकांनी पट्टी मागितली.

"गेट पास?" चौकीदार म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. कसली चेष्टा! "साहेब, माल माझ्या ताब्यातून बाहेर जातो आहे. कागद पाहिजे. तुम्हीच शिकवलं." आणि काका? रागावतील म्हणता? डोळे भरून आले त्यांचे. खिशातून वही काढून तिथंच गेट पास लिहिला: कागदी पट्टी, नग एक, परत येणार नाही. खाली सही. चौकीदारानं तो दोनदा वाचला, मला तारीख विचारून खात्री केली, आणि उशीतून पट्टी काढून दिली. मी मध्ये उभा राहून घाम पुसत होतो.

दुसरी पट्टी बहिणीकडं, इच्छापूरला. माझ्या स्कूटरवर निघालो. फोनवर आकडे विचारू या म्हटलं तर काका माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी चोराचा मावसभाऊ. ताई देवीच्या पायऱ्यांजवळ राहायच्या. घरात शिरलो तर समोर भिंतीवर, गॅसच्या नंबराखाली, खडूनं मोठ्ठे बारा आकडे.

"हे काय आहे?" काका ओरडले.

"तूच तं म्हणे जपून ठेव," ताई म्हणाल्या. "कागद हरपते, भाऊ. भिंत कुठं जाते? येणारे-जाणारे विचारतात, मी सांगते आमच्या दादानं देल्ला नंबर आहे." काका मटकन खाली बसले. ताईंनी आम्हाला पोटभर जेवू घातलं. काकांनी जेवणाआधी ते आकडे वहीच्या कागदाच्या एका पट्टीवर उतरवून घेतले आणि ओल्या फडक्यानं भिंत पुसली, त्यात गॅसचा नंबरही पुसला गेला, त्यावरून बहीणभावाची जुंपली ती वेगळीच.

तिसरं नाव काका सांगेनात. निघालो, अर्ध्या रस्त्यात आलो, तेव्हा पाठीमागून म्हणाले, "निंबोला."

निंबोल्याला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. केळीचा मळा. दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. सामाईक विहिरीच्या पंपघराला काकांनी दुसरं कुलूप लावलं, चावी खिशात घातली आणि मे महिन्यात आठ दिवसांसाठी लग्नाला गेले. भावाची उभी केळी वाळली. मी स्कूटर थांबवून विचारलं, "आणि तुम्ही पट्टी त्यांना दिली?"

"रजिस्टर पोस्टानं पाठवली."

"सोबत चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? आम्ही बोलत नाही ना."

काका मळ्याच्या वळणावर लिंबाखाली उतरले. पुढं यायला तयार नाहीत. मी एकटा गेलो. भाऊ केळीचे घड उतरवून घेत होता. मी कोण, का आलो, सगळं सांगितलं. वहिनीच्या आवाजाचं ऐकून त्याचे हात थांबले.

"तो कागद होय!" तो म्हणाला. "मी समजलो, दादानं केस टाकली आणि केसचा नंबर धाडला. दोन चकरा मारल्या वकिलाकडं. वकील म्हणे, असा नंबर कोर्टात नसतो. मग म्हटलं असू दे, दादाचं अक्षर आहे पाकिटावर, फेकू कसं?" जरा थांबून त्यानं विचारलं, "तो कुठंय?"

"वळणावर."

"या उन्हात? काहून?" त्यानं घरात जाऊन ताकाचा लोटा आणला, माझ्या हाती दिला. "मी देल्लं म्हणून सांगू नका." काकांनी ताक प्यायलं, मिशा पुसल्या, म्हणाले, "मीठ जास्त आहे. त्याच्याच घरचं आहे." मी दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करत होतो, पगार शून्य.

पण भावानं पट्टी माझ्या हाती दिली नाही. म्हणाला, "वहिनीचं काम आहे, मी स्वतः घेऊन येतो." आमच्या स्कूटरमागं त्याची मोटारसायकल राजपुऱ्यापर्यंत आली. दोघांत एक शब्द नाही.

काकू आत भाकरी करत होत्या. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. टेबलावर चार पट्ट्या. आता ह्यांचा क्रम? पट्ट्यांवर नंबर नाही. "नंबर टाकला तर चोराला कळलं असतं," काका म्हणाले.

"बरं, मग तुम्हाला तर माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"सांगा."

काका भावाकडं बघेनात. "तुम्ही लावून बघा ना एकेक तऱ्हा."

चार पट्ट्या म्हणजे चोवीस तऱ्हा. एकेका तऱ्हेला अठ्ठेचाळीस आकडे, बोटानं, काचेवर. मी सहा वेळा टाकले. सहाही वेळा निळा पडदा म्हणाला, चूक. सातव्या वेळी मध्येच माझं बोट घसरलं आणि माझा ताबा सुटला. "काका, आता सांगा, नाहीतर मी चाललो वर! काकूंचा आवाज तुम्हाला पाहिजे का तुमचं कुलूप पाहिजे, एक काय ते ठरवा!"

काकांनी बोटानं पट्ट्या सरळ केल्या. मग खाली मान घालून म्हणाले, "भरवशाच्या हिशेबानं लावल्या आहेत. ज्याच्यावर सगळ्यात जास्त, त्याची आधी."

"मग पहिली चौकीदाराची?"

"दुसरी. तिसरी बहिणीची, तिच्या पोटात काही राहत नाही. चौथी माझी. मी आजकाल विसरतो."

उरली एकच. भावानं आपल्या हातानं सरकवलेली ती पट्टी आम्ही तिघंही बघत होतो. भाऊच बोलला, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, तेही खेकसून. "माझी पहिली? काहून? मी तं तुझ्याशी बोलत नाही!"

"माझ्याशी बोलत नाहीस," काका म्हणाले, "पण माझ्याबद्दलही कुणाशी बोलला नाहीस. नऊ वर्षांत गावात तुझ्या तोंडून एक शब्द गेला नाही. मी चौकशी केली आहे. असा माणूस मिळतो का कुठं?"

भावानं गमछा तोंडावर धरला. घाम पुसत होता असं आपण म्हणू. मी मुकाट्यानं आकडे टाकायला लागलो. भावाचे बारा, चौकीदाराचे बारा, ताईंचे बारा, काकांचे बारा. शेवटचं बटण दाबलं. निळा पडदा गेला.

"आहे का? आहे का?" काका माझ्या खांद्यावरून वाकले. रेकॉर्डिंगची यादी जशीच्या तशी होती. मी म्हटलं, आहे. त्यांना धीर धरवला नाही, त्यांनीच बोट मारलं. आवाज पूर्ण मोठा होता.

"अहो, लाज वाटते का काही! सख्खा भाऊ आहे तो तुमचा! एका पंपाच्या कुलपापायी नऊ वर्षं घरी येत नाही पोरगा. मी लग्न होऊन आले तेव्हा एवढूसा होता, माझ्या हातची भाकर खाऊन शाळेत जाये. कुलपं घेऊन बसा मांडीवर, तीच देतील तुम्हाला म्हातारपणी पाणी!"

खोली दणाणली. काका "बंद करा, बंद करा" करत पडद्यावर नको तिथं बोटं मारत होते आणि आवाज आणखी स्पष्ट येत होता. आतलं भाकरी थापणं थांबलं. काकू दारात आल्या. हाताला पीठ. नजर आधी दिरावर गेली, मग टॅबलेटवर.

काका उभेच राहिले, चोरी पकडल्यासारखे. "ते... ऑपरेशनच्या आधी... म्हटलं, तुझा आवाज..." मी टाळ्या मोजायच्या तयारीत होतो. तीन नक्की.

टाळी वाजली नाही. काकू तशाच पीठभरल्या हातानं येऊन खुर्चीवर बसल्या आणि ऐकत राहिल्या. सगळं ऐकलं, शेवटची भांडी आपटल्याचा आवाज येईपर्यंत. रेकॉर्डिंग संपलं. मग त्यांनी घसा खाकरला, आणि त्या घासलेल्या, फुटक्या आवाजात म्हणाल्या, "दुसरं लावा."

काकांनी दुसरं लावलं. त्यात ओल्या टॉवेलावरून चाललं होतं. मग तिसरं, मग चौथं. दीर हसून हसून डोळे पुसत होता, काकू मध्येच "हे बराबर बोलले मी" असं घोगऱ्या आवाजात म्हणायच्या, आणि आज आपण किती बोललो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पाचव्यात टॅबलेटमधल्या काकू ओरडल्या, "मी इकडं घसा फोडून राहिली, तुम्ही ऐकून राहिले का?"

काका गुडघ्यावर हात ठेवून टॅबलेटसमोर ताठ बसले होते. म्हणाले, "ऐकतो आहे ना गं. बोल."